एका डोळ्यानं अचानक दिसेनासं झालं तर: घड्याळ बघून करायच्या गोष्टी

मार्चमधला रविवार होता, सकाळचे साडेसात वगैरे वाजले असतील, आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी बाबा अंगणातल्या नळाखाली चष्मा धुत होते. धुतला, पंच्यानं पुसला, घातला, परत काढला, परत धुतला. असं तीनदा झाल्यावर आईनं विचारलं काय झालं तर म्हणाले, "काच खराब झाली वाटते, उजव्या बाजूनं काही दिसूनच नाही राहिलं." काच एकदम साफ होती. दुखत नव्हतं, डोळा लाल नव्हता, पाणी येत नव्हतं, म्हणून आम्ही कोणीच घाबरलो नाही, आणि तिथेच सगळं चुकलं.

मी घरातलं ॲलर्जीचं ड्रॉप टाकून दिलं. आई म्हणाली थोडं पडा, बरं वाटेल. दुपारी चष्म्याच्या दुकानात गेलो तर ते बंद, मग एका छोट्या क्लिनिकमध्ये दाखवलं, तिथे सांगितलं मोतीबिंदू असेल, उद्या बाहुली मोठी करून बघू. संध्याकाळी साडेसहाला नात्यातल्या एका नर्सताईनं फोनवर ऐकलं आणि जवळपास ओरडलीच की आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे पडद्याच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं आत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" अकरा तास होऊन गेले होते. म्हणाले हा डोळ्यातला लकवा आहे, पडद्याला रक्त देणारी नस बंद झाली, आता या डोळ्यासाठी करण्यासारखं फार थोडं उरलंय.

त्या दिवशी आम्हाला जे कोणी सांगायला हवं होतं ते सगळं मी इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, पण गेली दोन वर्षं बाबांसोबत प्रत्येक व्हिजिटला जाऊन, प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते आहे हे. मोठं आहे, पण वाचा, आणि घरात साठीच्या वरचं कोणी असेल, बीपी-शुगर असेल, तर त्यांना वाचून दाखवा.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

मानेतून जी मोठी रक्तवाहिनी मेंदूकडे जाते, जिला कॅरोटिड म्हणतात, तिचीच एक फांदी डोळ्याकडे जाते आणि त्या फांदीची एक बारीकशी उपफांदी डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूत शिरून आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला रक्त देते. ही उपफांदी साधारण एक-दोन केसांएवढी जाड असते. आणि ती एकटीच आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वावराला जसं एकाच पाटचारीनं पाणी येतं, वरती कुठे गाळ अडकला की ते वावर सुकतं, शेजाऱ्याकडून पाणी घ्यायची सोय नसते, तसंच. मानेतल्या नसेत साचलेल्या चरबीचा कण सुटतो, किंवा हृदयात गुठळी होते आणि वाहत वाहत इथे येऊन अडकते. मुख्य नस बंद झाली तर जवळपास सगळा डोळा जातो, तिची एखादी छोटी शाखा बंद झाली तर वरचा किंवा खालचा अर्धा भाग, किंवा एखादा तुकडा काळा होतो.

आजार काही नवा नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी १८५९ मध्येच याचं वर्णन केलं होतं. पण पडदा किती वेळ तग धरतो यावर सगळ्यात नावाजलेलं काम केलं ते पंजाबात जन्मलेल्या सोहन सिंग हायरे यांनी, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात. माकडांवरच्या प्रयोगांत त्यांना दिसलं की रक्तपुरवठा साधारण ९७ मिनिटं बंद राहिला तरी पडदा सावरतो, त्यानंतर नुकसान चालू होतं आणि वाढत जातं, आणि २४० मिनिटांनंतर, म्हणजे चार तासांनंतर, पडदा जवळपास पूर्ण खलास. माणसात याहूनही लवकर नुकसान होत असावं असं मानणारे डॉक्टर आहेत. आमचे अकरा तास यापुढे ठेवून बघा.

काही लोकांच्या डोळ्यात जन्मापासूनच एक जास्तीची छोटी नस असते, ती पडद्याच्या मधल्या भागाला वेगळ्या रस्त्यानं रक्त देते. त्यांची मुख्य नस बंद झाली तरी मधलं दिसणं वाचू शकतं. पण ती आपल्याला आहे का नाही हे बाहेरून कळत नाही, तेव्हा त्या भरवशावर थांबायचं नाही.

२०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं एक सविस्तर निवेदन काढून स्पष्ट म्हटलं की हा स्ट्रोकचाच, म्हणजे लकव्याचाच प्रकार आहे आणि तो तसाच, इमर्जन्सी म्हणून हाताळला पाहिजे. मेंदूच्या ऐवजी डोळ्यात झाला एवढाच फरक.

पहिलं काम: वेळ लिहा

शब्दशः लिहा, हातावर लिहा, मोबाईलमध्ये टाका. हॉस्पिटलात सगळं याच एका आकड्यावर चालतं. दिसणं गेल्याचं केव्हा *लक्षात आलं* हे एक आणि त्या डोळ्यानं शेवटचं *बरोबर केव्हा दिसलं होतं* हे दुसरं, आणि डॉक्टरला दुसरं पाहिजे असतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री झोपताना बरोबर दिसत होतं का, मध्ये कोणी बाथरूमला उठलं होतं का, तेव्हा मोबाईल किंवा भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं का, हे आठवा. रात्री तीनला घड्याळ नीट दिसलं आणि सकाळी सहाला काळं, तर तीन तास झाले असं मोजतात, रात्री दहाला झोपल्यापासूनचे आठ नाही. या एका आठवणीनं उपचार मिळायचा की नाही ते ठरू शकतं.

दुसरं: एक एक डोळा झाकून बघा, तीस सेकंदांचं काम

आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो त्यामुळे एक गेला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला नुसतं "कसंतरी, धूसर" वाटतं. म्हणून तळहातानं आधी एक डोळा पूर्ण झाका, दाबू नका, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायला सांगा. मग दुसरा. बाबांना मी हे दुपारी करायला लावलं तेव्हा डाव्या डोळ्यानं त्यांनी एकादशी कधी आहे ते वाचून दाखवलं आणि उजव्यानं विचारलं, "कॅलेंडर आहे कुठे?"

दुसऱ्या एका कारणानंही हे करायचं. कधी कधी माणूस म्हणतो उजवा डोळा गेला, पण झाकून बघितलं तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असते. तो मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक असू शकतो. तोही तेवढाच इमर्जन्सी, पण डॉक्टरला नीट सांगता आलं पाहिजे.

याच वेळी चेहरा बघा, हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का. दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक खाली येतो का. एक वाक्य बोलायला लावा. चालताना तोल जातो का. यातलं काहीही असेल तर मेंदूपण सामील आहे. नसेल तरी निघायचंच आहे, नुसतं दिसणं गेलं हेसुद्धा पुरेसं कारण आहे.

आता प्रत्येक वेळी नसच बंद झालेली असते असं नाही. आधी वीज चमकल्यासारखं होऊन, माश्या उडाल्यासारखे ठिपके येऊन मग बाजूनं काळी सावली सरकत आली असेल तर पडदा सुटलेला असू शकतो. डोळा लाल, भयंकर दुखतोय, उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत तर काचबिंदूचा अटॅक. शुगरच्या पेशंटला आत रक्त सांडूनही एकदम काळं होतं. तरुण माणसाला डोळा हलवला की दुखतो आणि धूसर दिसतं तर डोळ्याच्या मज्जातंतूची सूज. पण हे घरी बसून ठरवत बसू नका, मी हे फक्त यासाठी लिहिलं की यातलं *एकही* "उद्या दाखवू" मधलं नाही. आणि दुखत नाहीये ही चांगली खूण समजू नका. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते.

तिसरं: कुठे जायचं

चष्म्याच्या दुकानात नाही. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये नाही. आणि हे थोडं उलटं वाटेल, पण रविवारी किंवा रात्री एखादा डोळ्यांचा छोटा दवाखाना उघडा आहे म्हणून तिथेही आधी नाही. जिथे चोवीस तास कॅज्युअल्टी आहे, सीटी स्कॅन चालू आहे आणि स्ट्रोकचा पेशंट घेतात, तिथे सरळ जायचं. डोळ्यांचे डॉक्टर तिथे बोलावता येतात, पण डोळ्याच्या दवाखान्यात सीटी स्कॅन आणता येत नाही.

नागपुरात आपण नशीबवान आहोत की पर्याय आहेत. मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, सेंट्रल ॲव्हेन्यूवर सरकारी मेयो हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, धंतोली-रामदासपेठेत तर गल्लोगल्ली हॉस्पिटलं. पण कुठल्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता न्यूरोचे डॉक्टर येतात आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन ठेवलेलं असतं हे पाटीवरून कळत नाही. म्हणून हे काम आज करा, अगदी हा लेख वाचून झाल्यावर: घरापासून जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांना फोन करून विचारा, "तुमच्याकडे स्ट्रोकच्या पेशंटला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चोवीस तास मिळतं का? डोळ्यांचे डॉक्टर ऑन कॉल आहेत का?" जे हो म्हणतील त्यांचा नंबर आणि कॅज्युअल्टीचं गेट कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. मी हे बाबांच्या नंतर केलं, एक दुपार लागली, तीन हॉस्पिटलांपैकी एकानंच दोन्हीला हो म्हटलं.

गाडी असेल आणि चालवणारं दुसरं कोणी असेल तर गाडीनं निघा. पेशंटला स्वतः चालवू देऊ नका, एक डोळा गेला की अंतराचा अंदाज जातो आणि वर मेंदूत काही चालू असेल तर रस्त्यातच काही होईल. स्कूटीवर मागे बसवूनही नेऊ नका, चक्कर आली तर संपलं. सोय नसेल तर १०८. रामटेक, काटोल, उमरेड साइडून निघायचं असेल तर तास-दीड तास रस्त्यातच जातो, म्हणून तिथल्या लोकांनी तर घरात चर्चा करत एक मिनिटही घालवू नये, आणि निघतानाच हॉस्पिटलला फोन लावून सांगावं की असा असा पेशंट घेऊन येऊन राहिलो.

सोबत काय घ्यायचं: चालू गोळ्यांची स्ट्रिप किंवा चिठ्ठी (रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते पहिलं सांगायचं), जुने ईसीजी-इको असतील तर ते, आधार, रेशनकार्ड. नाही सापडलं तर सोडा, मागून कोणीतरी घेऊन येईल.

वाटेत आणि घरी काय करायचं नाही

घरातलं कुठलंही ड्रॉप नको. गुलाबजल, मध, तूप, काहीही नको. डोळ्यावर बोट दाबून मालिश करू नका, व्हिडिओ बघून तर अजिबात नाही. बीपी मोजलं आणि जास्त आलं म्हणून एक्स्ट्रा गोळी देऊ नका, अशा वेळी शरीर मुद्दामच प्रेशर वाढवून अडलेल्या जागी रक्त ढकलायचा प्रयत्न करत असतं आणि ते एकदम पाडलं तर नुकसान होतं, किती कमी करायचं ते हॉस्पिटल ठरवेल. ॲस्पिरिन किंवा इकोस्प्रिनसुद्धा आपल्या मनानं नको, आधी डोक्याचा स्कॅन होऊ द्या. शुगरचा पेशंट असेल आणि मशीन हाताशी असेल तर तेवढी शुगर बघून आकडा लिहून घ्या, तीस सेकंद लागतात, पण मशीन शोधायला कपाट उपसत बसू नका.

आणि झोपवू नका. "पडल्यावर बरं वाटेल" हे वाक्य आमच्या घरात त्या दिवशी चार जणांनी म्हटलं.

चौथं: कॅज्युअल्टीत काय बोलायचं

"डोळा दुखतोय", "नीट दिसत नाही" असं म्हटलं की तुम्हाला बाकावर बसवतील, कारण तिथे ॲक्सिडेंट आहेत, हार्ट अटॅक आहेत, आणि तुमचा माणूस चालत आलाय. म्हणून पाठ करून ठेवा: *"यांच्या एका डोळ्यानं अचानक, न दुखता, दिसणं बंद झालंय. शेवटचं बरोबर अमुक वाजता दिसलं होतं. डोळ्याच्या नसेचा स्ट्रोक असू शकतो का, न्यूरोच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांना बोलवा."* शांतपणे पण ठामपणे म्हणा. दहा मिनिटांत कोणी नाही आलं तर परत जाऊन हेच वाक्य, वेळेसकट. यात उद्धटपणा काही नाही, ज्युनियर डॉक्टरलाही हा आजार रोज बघायला मिळत नाही, अमेरिकेतला आकडा लाखामागे वर्षाला दोनच्या आसपास आहे.

मग ते बोटं मोजायला सांगतील, हात हलवून दाखवतील, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवून बाहुली बघतील. आत बघितलं की पडदा फिक्कट, दुधाळ दिसतो आणि मधोमध एक लालबुंद ठिपका, चेरीसारखा. हा ठिपका दिसायला काही तास लागू शकतात, म्हणजे तुम्ही लवकर पोचलात तर पडदा नॉर्मलच वाटू शकतो, आणि कोणी "आत सगळं ठीक आहे" म्हटलं तरी दिसत नसेल तर घरी परत येऊ नका. ओसीटी नावाची पडद्याची स्कॅन आधी सूज दाखवू शकते, असेल तर विचारा.

गुठळीचं इंजेक्शन: याबद्दल खरं काय ते

मेंदूच्या स्ट्रोकमध्ये साडेचार तासांच्या आत शिरेतून जे इंजेक्शन देतात, अल्टेप्लेस किंवा टेनेक्टेप्लेस, तेच इथेही देता येतं. आधी डोक्याचा सीटी करून आत रक्तस्राव नाही ना हे बघतात, बीपी आवरतात, नुकतंच ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायची गोळी आहे का, हे विचारतात. जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१५ मध्ये निघाला, त्यात साडेचार तासांत इंजेक्शन मिळालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची नजर बऱ्यापैकी सुधारली आणि काहीच उपचार न झालेल्यांपैकी सतरा-अठरा टक्क्यांची. ऐकायला छान वाटतं, पण ते अभ्यास छोटे होते आणि सगळे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे डॉक्टर "नक्की फायदा होईल" असं म्हणणार नाहीत, म्हणू पण नये. मेंदूत रक्तस्राव होण्याचा थोडा धोका असतो, त्याच्यासाठी सही घेतात. सही करायची वेळ आली तर दोनच प्रश्न विचारा: याच पेशंटला रक्तस्रावाचा धोका जास्त आहे का, आणि दिलं नाही तर तुमच्या अंदाजानं किती दिसेल. मग ठरवा, पण कॉरिडॉरमध्ये उभं राहून पुण्याच्या काकांना, अमरावतीच्या मामांना फोन करत बसू नका, तिथे मिनिटं जातात.

नसेतून तार टाकून थेट डोळ्याच्या वाहिनीत औषध सोडायचा प्रयोगही झाला होता, युरोपात, ईगल नावाचा, २०१० मध्ये निकाल आला. त्यात साध्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही आणि त्रास जास्त झाले.

जुने उपाय म्हणजे डॉक्टरांनी डोळ्याचं मालिश करणं, सुईनं डोळ्यातलं थोडं पाणी काढणं, डोळ्यातलं प्रेशर कमी करायची गोळी, पिशवीत श्वास घ्यायला लावणं. हे अजूनही होतात, पण २०१५ च्या त्याच हिशेबात यांचा निकाल काहीच न करण्यापेक्षाही खराब होता. काही ठिकाणी जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवतात, तेही लवकर पोचलं तरच. म्हणजे तुमच्या हातात खरं एकच आहे, लवकर पोचणं.

वेळ निघून गेली तरीही हॉस्पिटल सोडायचं नाही

या भागावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण बाबा आज चालते-बोलते आहेत ते यामुळेच.

डोळा गेला, आता इंजेक्शनचा उपयोग नाही, असं ऐकल्यावर आम्ही बॅग उचलायलाच निघालो होतो. बाबा म्हणाले चला घरी, एक डोळा आहे ना अजून. डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले जिथून हा कण आला तिथे अजून असतील, आणि पुढचा मेंदूत जाऊ शकतो, पहिले काही दिवस ते दोन-चार आठवडे सगळ्यात धोक्याचे. अशा पेशंटचा एमआरआय केला तर साधारण चौघांतल्या एकाच्या मेंदूत त्याच वेळचे छोटे, लक्षात न आलेले स्ट्रोक सापडतात. बाबांच्याही मेंदूत दोन ठिपके निघाले, आणि त्यांना काहीही जाणवलं नव्हतं.

मग भरती केलं आणि तपासण्या झाल्या. मानेच्या नसांची सोनोग्राफी म्हणजे कॅरोटिड डॉप्लर, किंवा सीटी अँजिओ. ईसीजी आणि हृदयाचे ठोके चोवीस तास किंवा जास्त मोजणारं होल्टर, कारण ठोके अनियमित असतील तर हृदयात गुठळ्या होतात आणि तो अनियमितपणा येतो-जातो, एका ईसीजीत सापडत नाही. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शुगर, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, सीबीसी, आणि शरीरात कुठे सूज आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी. बाबांची उजवी कॅरोटिड ८० टक्के अरुंद निघाली. ज्या नसेमुळे लक्षणं आलीत ती सत्तर टक्क्यांच्या वर अरुंद असेल तर ऑपरेशन करून आतली चरबी साफ करतात, आणि ते शक्यतो दोन आठवड्यांच्या आत झालं तर जास्त उपयोग होतो. बाबांचं नवव्या दिवशी झालं. घरी गेलो असतो तर ही नस तशीच राहिली असती.

खर्चाची चिंता असेल तर हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राच्या टेबलवर महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते भरती होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

ईएसआर कशासाठी, हे स्वतः विचारा

पन्नाशीच्या वर वय, गेले काही आठवडे कानशिलाला दुखतं, केस विंचरताना टाळू दुखते, पोळी चावता चावता जबडा भरून येतो, बारीक ताप, वजन कमी. यातलं काही असेल तर गुठळी नसून रक्तवाहिनीलाच सूज आलेली असू शकते, जायंट सेल आर्टेरायटिस. आपल्याकडे कमी दिसतो, पण यात दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो आणि स्टिरॉइड लगेच चालू केलं तर तो वाचतो, बायोप्सीच्या रिपोर्टची वाट न बघता. म्हणून जबड्याचं, टाळूचं दुखणं फालतू वाटलं तरी डॉक्टरला सांगाच.

तरुणाला झालं तर

तिशी-चाळिशीत झालं तर कारणं वेगळी शोधतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेली हृदयाची झडप, रक्त लवकर गोठायचा आजार, रक्तात वाढलेलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, ती तपासणी झाली नसेल तर करायला सांगा. चेहऱ्यावर सुरकुत्या-खड्डे भरायचं, म्हणजे फिलरचं इंजेक्शन घेताना किंवा घेतल्यावर लगेच दिसेनासं झालं तरी हेच. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये, आपल्याकडे म्युकरमायकोसिसनं किती लोकांचे डोळे गेले ते सगळ्यांना आठवत असेल, ती बुरशीसुद्धा हीच नस बंद करते, तेव्हा शुगर वाढलेली, नाक चोंदलेलं, गाल सुजलेला आणि नजर गेली तर कान-नाक-घशाचे डॉक्टरपण सोबत पाहिजेत.

पाच मिनिटांसाठी गेलं आणि परत आलं तर?

लोक म्हणतात दुकानाचं शटर खाली आल्यासारखं झालं, मग हळूहळू उघडलं, आता ठीक आहे, चक्कर असेल, ऊन लागलं असेल. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आपण सगळंच उन्हावर ढकलतो. एका डोळ्यासमोरचं शटर पडून उघडणं म्हणजे गुठळी आली, अडकली आणि नशिबानं फुटून पुढे गेली. पुढची फुटेलच असं नाही. परत दिसायला लागलं म्हणून घरी राहायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, त्याच सगळ्या तपासण्या. बाबांनी नंतर, आयसीयूत, सहज सांगितलं की दहा दिवस आधी सक्करदऱ्याच्या बाजारात भाजी घेताना एका डोळ्यापुढे दोन मिनिटं अंधारी आली होती. आईला सांगितलं नाही, कारण ती उगाच काळजी करते.

घरी आल्यावर

गोळ्या: गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, ठोके अनियमित असतील तर वेगळी रक्त पातळ करायची गोळी. "आता तर ठीक आहे" म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, दाताच्या डॉक्टरला हृदयाच्या किंवा न्यूरोच्या डॉक्टरशी बोलायला लावा.

खर्रा. हे लिहायलाच पाहिजे, आपल्या नागपुरात सिगारेट सोडलेला माणूसपण "मी तंबाखू घेत नाही, फक्त खर्रा खातो" म्हणतो. खर्रा म्हणजे तंबाखूच. बाबा दिवसाला चार पुड्या खायचे. सोडायला पाच महिने लागले, दोनदा परत चालू झाला, मग पानठेल्याच्या रस्त्यानं फिरायला जाणंच बंद केलं आणि खिशात भाजलेली बडीशेप ठेवायला लागले. सावजीच्या तर्रीला मी काही म्हणत नाही, महिन्यातून एकदा, पण खर्रा नाही.

डोळ्याची तपासणी: डोळा गेला म्हणून त्याला दाखवणं बंद करू नका. उपाशी पडदा नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवायला लावतो, त्या बाहुलीजवळ आल्या की डोळ्याचं प्रेशर भयंकर वाढतं आणि मग तो दिसत नसलेला डोळा दुखायला लागतो, असा की माणूस भिंतीवर डोकं आपटेल. हे बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत होतं. त्या काळात दोन-चार आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तसं, जात राहा. वेळेत दिसलं तर लेझरनं आवरता येतं. मधेच डोळा लाल झाला, दुखला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

चांगला डोळा: नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा घाला, दगड, फांदी, काडी, कशानंही तो जायला नको. वर्षातून एकदा त्याचाही पडदा तपासा.

प्रमाणपत्राबद्दल बरेच जण विचारतात. दुसरा डोळा चांगला असेल तर नियमानुसार एक डोळा गेल्याचं अपंगत्व ३० टक्के धरतात आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून लागतात, म्हणून त्यासाठी मेडिकलच्या रांगेत उभं राहण्याआधी हे माहीत असू द्या.

एका डोळ्याची सवय व्हायला बाबांना चार-पाच महिने लागले. सुरुवातीला चहा कपाबाहेर पडायचा, तेव्हा गाळणीचं किंवा किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून मग ओतायचं. पायऱ्यांच्या कडेला आम्ही पिवळी टेप लावली, शेवटची पायरी नेहमी चुकायची. रस्ता ओलांडताना गेलेल्या बाजूला आधी मान पूर्ण वळवायची. घरात कोणीही त्या बाजूनं न बोलता जवळ यायचं नाही, ते दचकतात. गाडी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही, आणि बाबांनी तर चावी स्वतःच माझ्या हातात दिली.

आमच्या फ्रिजच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे. वर १०८, खाली त्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा नंबर, बाबांच्या सगळ्या गोळ्या डोससकट, आणि सगळ्यात खाली आईच्या अक्षरात: "डोळा, तोंड, हात, बोलणं. वेळ लिहा. झोपवू नका."